पसाभर कोंड्याची

"तिला उंबऱ्याच्या आत घेऊ नको, नामा," आई म्हणाली.

चार दिवस तिच्या पोटात पेजेचा घोट राहिला नव्हता, हात उचलत नव्हता, पण हे सांगताना आवाज अगदी खणखणीत होता. बाहेर अंगणात कोंडी उभी होती. तिनं अडुळशाचा काढा करून आणला होता. तांब्या पायरीवर ठेवून ती चार पावलं मागं सरली आणि म्हणाली, "कोमट हाय तवर पाजा." माझी बायको जयवंता बाहेर गेली, तांब्या उचलून आत घेऊन आली.

मला राग आला. "आई, पोटची पोर हाय ती तुजी," मी म्हणालो.

"नाय. आंबाबाईची हाय."

आंबाबाई मरून सव्वीस वर्षं झाली होती.

आता हे सांगायला बसलोच आहे तर सगळं सांगतो, माझ्या वाट्याचंही. पळसदरीच्या अलीकडं, डोंगराच्या कुशीत आमची पंधरा घरांची वाडी. माझी आई बायजा आणि बाप आबाजी यांची पहिली तीन मुलं पाचव्या-सहाव्या दिवशी आकडी येऊन गेली. चौथी मुलगी झाली तेव्हा आमच्याकडं करतात तसं केलं. पोर सुपात घातली, उंबऱ्याबाहेर नेली आणि वाडीतल्या आंबाबाई सुईणीला पसाभर कोंड्याच्या बदल्यात विकली. म्हणजे सटवाईला वाटावं, हे मूल या घरचं नाही, कोंड्याच्या मोलाचं आहे, याला नेऊन काय करायचं. म्हणून नाव कोंडी. असं विकलेलं मूल पाच वर्षं परक्याचं. त्याला आपलं म्हणायचं नाही, जवळ घ्यायचं नाही, कौतुक तर नाहीच नाही. पाच वर्षं पुरी झाली की तेवढाच कोंडा घेणारीच्या दारात टाकायचा, मुलाचा हात धरून त्याला उंबऱ्याच्या आत आणायचं, की झालं ते घरचं.

बहुतेक घरांत हे नावापुरतं असतं. विकलेलं पोर त्याच दिवशी आईच्या मांडीवर येतं आणि फक्त नाव तेवढं दगडू नाहीतर कोंडी राहतं. माझ्या आईला नावापुरतं काही करता येत नसे. तीन पोरं पुरलेल्या बाईला कोण काय सांगणार? ती आंबाबाईच्या खोपटात जाऊन पोरीला पाजायची, पण तोंडावर पदर घेऊन. तिच्याकडं बघायची नाही. आंबाबाई सांगायची की पाजून झालं की बायजा तडक उठायची आणि मागं न बघता घरी जायची.

आंबाबाईचं खोपट आमच्या अंगणापासून वीस पावलांवर. मध्ये दगडाची कमरेएवढी भिंत.

पाच वर्षं झाली तेव्हा कोंडीला आत घ्यायचा दिवस ठरला. मी तेव्हा महिन्याचा होतो. आईनं हिरवा परकर शिवून घेतला होता. आंबाबाईनं कोंडीला न्हाऊ घालून तो परकर नेसवून आमच्या पायरीवर आणून उभी केली. आई सुपात कोंडा घेऊन निघाली आणि घरात मला झटके आले. अंग तापलं होतं, डोळे पांढरे झाले होते. आईनं सूप तिथंच खाली ठेवलं, मला छातीशी धरलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे अजून."

मी वाचलो. त्या दिवसापासून आईच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली की कोंडी बाहेर आहे तोवर नामा आत आहे. पुढं मला काहीही झालं, साधा खोकला झाला, की ती भिंतीपलीकडं बघायची, पोर तिकडंच आहे ना याची खात्री करायला.

मी मोठेपणी एकदा कोंडीला विचारलं होतं, त्या दिवसाचं काही आठवतं का. ती म्हणाली, "परकर आठवतो. दुसऱ्या दिवशी बायजाकाकूनं माघारी नेला."

ती आईला बायजाकाकू म्हणायची.

माझ्या लहानपणी मला कोंडी शेजारची वाटायची. आई पेज केली की एक वाडगा भिंतीवर ठेवायची. मी विचारायचो, हे कुणाला. ती म्हणायची, "जो खाईल त्याला." थोड्या वेळानं पलीकडून एक हात वर यायचा आणि वाडगा खाली जायचा. पाऊस असला की पेजेत पाणी पडायचं, ती तशीच प्यायची. कधी कुत्र्यानं आधी तोंड घातलं तर त्या दिवशी तिला काही नाही. एकदा असं कुत्र्यानं खाल्लं, हात वर आला, रिकाम्या भिंतीवर चाचपडला, आणि मी खदखदून हसलो. मी तेव्हा चार-पाच वर्षांचा असेन. आईनं मला मारलं नाही, रागावली नाही. आत जाऊन चुलीपुढं बसली, आणि त्या दिवशी तीही जेवली नाही. पण दुसरा वाडगा काही तिनं ठेवला नाही.

कोंडी नऊ वर्षांची असताना आंबाबाई गेली. नऊ वर्षांची पोर त्या खोपटात एकटी राहायला लागली. माणसं विचारतील की वाडीत काय कुणी माणूस नव्हतं? होती की. पाण्यावर बायका म्हणायच्या, बायजाचं काळीज दगडाचं आहे. पण विकलेलं पोर तिसऱ्यानं घरात घेतलं तर त्याच्यावर येतं, असंही त्याच बायका म्हणायच्या. बोलाचीच कढी सगळी. माझा बाप संध्याकाळी तिच्या दारात चार लाकडं टाकून यायचा. रेल्वेच्या रुळांवर दिवसभर घण मारणारा माणूस, पण आईपुढं त्यानं कधी तोंड उघडलं नाही. मी सात वर्षांचा असताना तोही गेला. मग कोंडी लाकडं स्वतःच आणू लागली.

मी कर्जतच्या शाळेत जायला लागलो तेव्हा ती तेरा वर्षांची होती. गवताचा भारा घेऊन कर्जतला विकायला जायची. वाटेत ओढा लागतो. ती भारा पलीकडं ठेवून यायची, मला कडेवर घ्यायची आणि ओढा पार करून द्यायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. वाडीतली पोरं काठावरून ओरडायची, "कोंड्याची पोर, पसाभर मोल." एके दिवशी मीपण ओरडलो. तिच्याच कडेवर बसून, तिच्या कानाशी तोंड नेऊन. पाणी मांडीएवढं होतं. ती म्हणाली, "धर नीट. पडशील."

मला आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

पुढं खोपोलीला वीजघराचं बांधकाम निघालं, तेव्हा ती दोन वर्षं तिथं दगड वाहायला गेली. तिथंच चौक गावच्या एका म्हाताऱ्यानं तिला पाहिलं. पोरगी कामाला वाघीण आहे, आपल्या मुलाला करावी, असं त्याच्या मनात आलं. एका सकाळी तो शोधत शोधत आमच्या वाडीत आला आणि नेमका आमच्याच अंगणात उभा राहिला. आई भात पाखडत होती. कोंडी भिंतीपलीकडं शेणी थापत होती, तिला सगळं ऐकू जात होतं.

"ती पोरगी कुनाची म्हनायची?" म्हाताऱ्यानं विचारलं. "मागनी कुनाकडं घालू?"

आई पाखडायची थांबली नाही. "आंबाबाईची."

"मंग आंबाबाई कुटं हाय?"

"मेली."

"मागं कोन नाय तिच्या? तुमच्यातली नाय ती?"

"आमची नाय," आई म्हणाली.

ज्या मुलीला देणारं कुणी नाही ती करून घ्यायची कशी, हे म्हाताऱ्याला कळेना. पागोटं सारखं करून तो निघून गेला. पुन्हा कुणी आलं नाही. मी बारा वर्षांचा होतो, आणि खरी गोष्ट मला त्याच दिवशी शेजाऱ्यांकडून कळली. मी धावत घरी आलो आणि आईला विचारलं, ती माझी बहीण आहे ना, मग असं का केलंस?

आईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तू जगलास नाय का?" ती म्हणाली.

तिनं वाढलं, मी जेवलो.

मग मी शिकलो, खालापूरला लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर झालो. भूतखेत काही नसतं, असं फळ्यावर लिहून पोरांकडून घोकून घेऊ लागलो. कर्जतच्या डॉक्टरांनी मला सांगितलं की आकडी येऊन मुलं जातात ती सटवाईनं नव्हे, गंजक्या विळ्यानं नाळ कापल्यामुळं. वाडीतल्या सगळ्या नाळा आंबाबाईच्या विळ्यानं कापलेल्या. ते मी आईला कधी सांगितलं नाही, सांगून काय होणार होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. दर दिवाळीला मी कोंडीसाठी लुगडं आणायचो आणि भिंतीवर ठेवायचो. तिच्या हातात देता आलं असतं. वीस पावलं तर होती. पण भिंतीवर ठेवायची आमच्या घरची रीत पडली होती. ताई म्हणून मी तिला कधी हाक मारली नाही. जयवंता लग्न होऊन आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी भिंतीपाशी जाऊन म्हणाली, "वन्सं, थोडा इस्तू द्या." आई आतून ओरडली, पण जयवंतानं वन्सं म्हणणं सोडलं नाही. सबंध वाडीत कोंडीला नात्यानं हाक मारणारी ती एकटीच.

आई आजारी पडली ती आश्विनात. भात पिवळं पडायला लागलं होतं आणि घरोघर हिवताप होता. काढ्याचा तांब्या ठेवून गेली त्या दुपारी कोंडी मला परसात भेटली. भिंतीच्या त्या बाजूला ती, या बाजूला मी. तिचे केस पस्तिशीतच पिकले होते.

"नामा, येक मागू का तुज्याकडं?"

आयुष्यात तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. "माग की," मी म्हणालो.

"ती जायच्या आदी मला आत घे. तिनं नाय घेतलं. आता घरधनी तू हायस, तू घे." मग भिंतीवरची माती नखानं खरवडत म्हणाली, "मला तिला आई म्हनायचंय. तिला ऐकू जातंय तवर."

"ती म्हणंल का पोर?"

"नको म्हनू दे. मी म्हनंन. तिनं निस्तं ऐकायचं."

मी म्हणालो, "उद्या सकाळी घेतो. रीतीनं घेतो, वाडीदेखत."

"बरं," ती म्हणाली, आणि पटकन तोंड फिरवून गेली.

सकाळी उठलो तर माझी सोमी तापली होती. तीन वर्षांची, एकुलती एक. आदल्याच आठवड्यात कर्जतच्या दवाखान्यातून हिवतापावरचं कोयनेल आणलेलं घरात होतं, आईच्या पोटात ते ठरत नव्हतं. मी तिला ते दिलं, ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं. हिवताप कशानं येतो, किती तासांनी चढतो, किती तासांनी उतरतो, हे सगळं मला पाठ होतं. मी पोरांना शिकवायचो.

कोंडी आली. अंघोळ करून आली होती, केसांना तेल लावून. मागच्या दिवाळीला मी भिंतीवर ठेवलेलं लुगडं तिनं त्या दिवशी पहिल्यांदा नेसलं होतं, घड्या दिसत होत्या. ती पायरीवर येऊन उभी राहिली, हात पुढं घट्ट धरून. शेजारच्या दोन-तीन बायका लांबून बघत होत्या.

मी कणगीमागच्या मडक्यातून ओंजळभर कोंडा घेतला आणि निघालो. आई अंथरुणावरून बघत होती.

"नामा, कोंडा कुटं नेतोस?"

मी चालत राहिलो.

"नामा, सोमी तापलीय रं."

ती ओरडली नाही, रडली नाही. अगदी हळू, समजावल्यासारखं बोलली. मी उंबऱ्याशी थांबलो. मागं सोमी कण्हत होती. जयवंता तिला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "तुमी जावा. पोरीकडं मी बगते. वन्सं उब्या हायत."

तिची पोर होती ती. नऊ महिने पोटात तिनं वागवली होती, आणि ती मला जा म्हणत होती. अक्षरशत्रू बाई. आणि मी, व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मास्तर, हातात कोंडा घेऊन उभा. सगळं थोतांड आहे हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मनात एकच येत होतं, आणि समजा नसलं तर? समजा मी हिला आत आणली आणि संध्याकाळी सोमी गेली तर? एक पाऊल टाकायचं होतं. ते माझ्यानं टाकवलं नाही.

मी कोंडीकडं न बघता म्हणालो, "सोमीचा ताप उतरू दे. दोन दिवस. ऱ्हाऊ दे अजून."

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि ते कुणाचे होते ते मला कळलं. कोंडीलाही कळलं असणार. ती पाच वर्षांची असताना याच पायरीवर तिनं ते ऐकले होते.

"बरं," ती म्हणाली. मग आत डोकावून जयवंताला म्हणाली, "पोरीच्या कपाळावर कांदा ठेचून बांद गं." आणि नवीन लुगडं सावरत वीस पावलं चालून गेली.

मी वळलो. आई माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी विसरू शकत नाही. तिला समाधान वाटत होतं. मी तिचा मुलगा शोभलो होतो. तिनं हात जरासा हलवला, मला जवळ बोलावलं, आणि मी गेलो. तिचं कोंडीवर प्रेम नव्हतं असं म्हणायला मी धजत नाही. होतं म्हणायलाही धजत नाही. माझ्यावर होतं, एवढं नक्की, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी दिली.

दुपारी आई गेली. संध्याकाळी तिरडी बांधून होईस्तोवर सोमीला दरदरून घाम आला आणि ताप उतरला. कोयनेलनं उतरला. उतरणारच होता.

तिरडी उचलली तेव्हा वाडीतल्या बायका अंगणात रडत होत्या. कोंडी तिच्या खोपटाच्या दारात उभी होती. वाट तिच्या दारावरूनच जाते. मी खांदा देत होतो आणि कान देऊन होतो. आता तरी म्हणेल, आता काय अडचण आहे, असं वाटत होतं. ती काही बोलली नाही. ऐकणारं आता कुणी नव्हतं.

ओढ्यावर अंघोळ करून आम्ही परत आलो तेव्हा घरात चूल बंद होती. सुतकाच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, कडू घास शेजाऱ्यांनी आणायचा असतो. तो कोंडीनं आणला. भात, नाचणीच्या भाकरी आणि वालाचं पिठलं, तिच्या घरात होतं नव्हतं ते सगळं. टोपली पायरीवर ठेवली. सोमी उठून बसली होती, तिच्यासाठी वेगळी पातळ पेज आणली होती.

जयवंता बाहेर गेली आणि तिचा हात धरून म्हणाली, "वन्सं, आत या. आता कोन अडवनार हाय? चला, आमच्यात बसा."

मीही उठलो. "कोंडी, ये आत," मी म्हणालो. मग म्हणालो, "ताई, ये."

ती माझ्याकडं बघून किंचित हसली. रागानं नाही. एखादं पोर उशिरा शाळेत आलं तर आपण हसतो तसं.

"मला कुटं सुतक हाय?" ती म्हणाली. "मी शेजारची. सगळी सुतकात बसल्यावर तुमाला रांदून कोन घालील? जेवा. निवतंय."

ती अंगणात उकिडवी बसली, आमचं जेवण होईस्तोवर. टोपली रिकामी झाल्यावर ती घेऊन गेली.

दुसऱ्या दिवसापासून माणसं बसायला येऊ लागली. पळसदरीची, कर्जतची, माझ्या शाळेतले दोघे मास्तर तर खालापूरहून चालत आले. आमच्या अंगणात घोंगड्या टाकल्या होत्या. येणारा प्रत्येक जण कोंडीच्या दारावरून येत होता आणि तिच्याच दारावरून जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मला दिसलं की तिनं आपलं अंगण सारवलं आहे, आणि दाराशी एक घोंगडी अंथरली आहे. बसायला येणाऱ्यांसाठी अंथरतात तशी. शेजारी पाण्याची कळशी आणि पालथा पेला. ती आतून दाराच्या चौकटीला टेकून बसली होती, पदर डोक्यावरून पुढं घेऊन.

मला उठून जाता आलं असतं. वीस पावलं होती. पण सुतकात कुणाच्या दारी जाऊ नये असं म्हणतात, आणि माणसं येत होती, आणि मी त्यांच्याशी बोलत बसलो.

दोन दिवस ती घोंगडी तशीच होती, तिच्यावर कुणी बसलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी कोंडीनं ती उचलली, दोनदा झटकली, घडी घातली आणि आत नेली.